पुढच्या खोलीतलं प्रेत

माझ्या हातून आयुष्यात ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या सगळ्या 'हो' म्हटल्याने झाल्या. (लग्न त्यात धरत नाही. चर्चमध्ये 'हो' म्हणायच्या वेळी डोरीनने मला कोपराने ढोसलं होतं, तेव्हा तो 'हो' निम्मा तिचाच.) पण त्या शनिवारी मी जो 'हो' म्हटला तो मात्र पूर्णपणे माझा स्वतःचा होता, आणि डोरीन बाजारात गेलेली असताना म्हटलेला होता. बायको बाजारात गेलेली असताना नवऱ्याने फार तर चहा करावा. निर्णय करू नये.

झालं असं की पुढचं दार वाजलं. आता आमच्या ऑर्मशॉमध्ये, त्यातही आमच्या क्लेमेंट स्ट्रीटवर, पुढचं दार कुणी वाजवत नाही. शेजारीपाजारी, दूधवाला, सासू, सगळी माणसं मागच्या दाराने येतात. पुढचं दार डॉक्टर, पाद्री आणि पोलीस यांच्यासाठी. त्यामुळे कोण गेलं असेल याचा मनाशी अंदाज बांधतच मी दार उघडलं, तर समोर गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक लंडनची पोरगी.

"मिस्टर टॅटर्सल? मी टेलिव्हिजनकडून आलेय."

"टीव्हीचा परवाना आहे!" मी ओरडलो. "म्हणजे होता. म्हणजे सोमवारी पोस्टात जाऊन पहिलं काम तेच करणार होतो!"

"अहो, परवान्याचं नाही हो," ती हसत म्हणाली. "मी फेलिसिटी. नेपथ्य माझ्याकडे असतं. आम्ही टीव्हीसाठी एक नाटक करतोय. स्टुडिओत नाही, खऱ्या घरात. तुमची पुढची खोली बघू का जरा?"

मी तिला पुढच्या खोलीत नेलं. ती दारातच थांबली. आईच्या वेळचा तो तपकिरी वॉलपेपर, ती काळवंडलेली शेगडी, खिडकीतले ते पिवळट पडदे, सगळ्यावरून तिची नजर हळूहळू फिरली आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"हीच," ती म्हणाली. "अख्खं लँकशायर पालथं घातलं मी. अशी खोली आता शोधून सापडत नाही, मिस्टर टॅटर्सल. दोन दिवसांसाठी द्याल?"

मी हरखून गेलो. बस डेपोत हरवलेल्या छत्र्या सांभाळणाऱ्या कारकुनाच्या घराबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मी 'हो' म्हणालो.

त्या काळी टीव्हीवर दर आठवड्याला बातम्या संपल्या की एक नवं कोरं नाटक असायचं. त्यात बहुधा कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहून दुःखी व्हायचं. शिकलेली माणसं त्याला कलाकृती म्हणायची. आमच्या गल्लीत ते नाटक, त्यातल्या बाईचं स्वयंपाकघर कसं आहे हे बघायला लावायचे. आणि एकदा दाखवलं की खलास. पुन्हा बघायची सोय नाही. जे दिसलं ते दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात, डेपोत, चर्चच्या पायऱ्यांवर सगळा देश त्याच्यावरच बोलायचा.

डोरीन आली. मी सांगितलं. आधी तिने पिशवी टेबलावर आपटली.

"मला न विचारता? अरे, अक्कल गहाण टाकलीस की काय!"

"सगळ्या लँकशायरमधून आपलंच घर निवडलं तिने. डोळ्यांत पाणी आलं तिच्या."

"पाणी?" डोरीन खुर्चीत बसली. मग हळूच तिने शेजारच्या भिंतीकडे बघितलं. "विल्फ, म्हणजे हे मिसेस ग्रिमशॉलासुद्धा दिसेल?"

आता मिसेस ग्रिमशॉ कोण ते सांगायला हवं. भिंतीपलीकडे त्या राहतात. आमच्या गल्लीत मूल जन्मलं की पहिली आंघोळ त्यांच्या हातची, आणि माणूस गेलं की शेवटचीही त्यांच्याच हातची. मेलेल्या माणसाला धुऊन, भांग पाडून, नीट कपडे करून त्या असं काही निजवतात की माणूस जिवंतपणी इतकं बरं कधी दिसलेलं नसतं. तर अशा बाईचा शब्द स्वच्छतेच्या बाबतीत म्हणजे कोर्टाचा निकाल. रोज सकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका पुढच्या दाराची पायरी मऊ पांढऱ्या दगडाने घासून पांढरी करतात, आणि मिसेस ग्रिमशॉ पावाला जाता जाता सगळ्या पायऱ्यांवर एक नजर टाकतात. आमच्या पायरीपाशी आल्या की म्हणायच्या, "हं." लग्न झाल्यापासून डोरीन रोज गुडघे टेकून पायरी घासते, आणि लग्न झाल्यापासून नुसतं "हं." त्या बाईच्या तोंडून एकदा तरी चांगला शब्द निघावा, एवढीच माझ्या बायकोची इच्छा होती. दागिने नकोत, समुद्रकिनारा नको.

"पण त्या जुनाट खोलीत नाही रे दाखवायचं!" डोरीन ताडकन उठली. "आधी तो वॉलपेपर काढ!"

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला सफाई म्हणणं म्हणजे महायुद्धाला बाचाबाची म्हणण्यासारखं आहे. मी रजा टाकून तपकिरी कागद खरवडला आणि त्यावर त्या वर्षीच्या फॅशनचा नवा कागद लावला. भगव्या रंगाचा, त्यावर चॉकलेटी वर्तुळं. (एक पट्टा उलटा लागला. पण वर्तुळ उलटं लागलं तरी वर्तुळच, हा त्या कागदाचा मोठा गुण.) शेगडी डोरीनने घासून अशी केली की त्यात बघून मी दाढी करू शकलो असतो. तिच्या आजीच्या पितळी मेणबत्तीदाण्या बाहेर निघाल्या, जाळीचे नवे पांढरे पडदे लागले, आणि लग्नाआधी तिने स्वतः विणलेला क्रोशाचा मोठा रुमाल टेबलावर पसरला गेला. बातमी फुटल्यावर अख्ख्या गल्लीने पडदे धुतले. कोपऱ्यावरच्या माणसाने तर कुत्र्यालाही आंघोळ घातली.

आठवडा उलटल्यावर सोमवारी ट्रक आले. फेलिसिटी हसत हसत आत शिरली, पुढच्या खोलीचं दार उघडलं, आणि मटकन जिन्यावर बसली.

"खोली कुठाय?"

"ही काय," डोरीन पदर खोचल्यासारखी ताठ उभी राहून म्हणाली. (पदर नव्हता, एप्रन होता. पण ऐट तीच.)

"ही नाही. मी बघितलेली. ती... ती भयंकर खोली."

डोरीनचा चेहरा पांढरा पडला. मी खोकलो.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. एड्रियन नावाचा दाढीवाला तरुण. त्याने वर्तुळांकडे बघून डोळे मिटून घेतले. मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं की नाटकाचं नाव 'ओल आणि काजळी' असं आहे, त्यात एका दरिद्री घरातला बाप मरतो, आणि त्या घराची दुर्दशा बघून देशाला लाज वाटावी असा एकंदर बेत आहे.

"म्हणजे तुम्हाला घाण घर हवं होतं," डोरीन म्हणाली.

"खरं घर हवं होतं," एड्रियन म्हणाला.

"आणि तुम्ही आमचं निवडलंत."

त्यांनी कामाला सुरुवात केली. माझ्या वर्तुळांवर तपकिरी कागद चढला. रंगाऱ्याने त्याच्यावर ओलीचे डाग इतके हुबेहूब रंगवले की बघूनच माझ्या गुडघ्यात कळ आली. शेगडीवर राख ओतली. पडदे, मेणबत्तीदाण्या, रुमाल, सगळं एका खोक्यात कोंबून मागच्या अंगणातल्या कोळशाच्या खोलीत टाकलं. शेवटी एक पोरगा बादलीभर चिखल घेऊन पुढच्या दाराकडे निघाला.

"ए! तो चिखल कुठे चालवलास?" डोरीनने विचारलं.

"पायरीवर टाकायचाय, बाई."

डोरीन रडली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, खुर्चीवर बसली, आणि हात मांडीवर ठेवून नुसती भिंतीकडे बघत राहिली. बाहेरून मिसेस ग्रिमशॉंचा आवाज आला, "अगं बाई! डोरीनची पायरी बघा!"

"विल्फ," डोरीन हळू आवाजात म्हणाली, "सगळा देश मला गलिच्छ म्हणणार. देशाचं सोड. ती म्हणणार. इतकी वर्षं मी गुडघे झिजवले ते काय एवढ्यासाठी?"

मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी काही शूर माणूस नाही, डेपोत लोक माझ्यासमोर दुसऱ्याची छत्री घेऊन जातात आणि मी त्यांना दार उघडून देतो. पण त्या क्षणी मी टेबलावर मूठ आपटली (बशी फुटली) आणि म्हणालो, "डोरीन, तुझी खोली टीव्हीवर स्वच्छ दिसेल. नाही दिसली तर नावाचा टॅटर्सल नाही!"

"मग दुसरं नाव आत्ताच शोधून ठेव," ती म्हणाली.

मी लगेच कामाला लागलो. सगळे सँडविच खायला बसले तेव्हा मी माझ्या रुमालाने शेगडीची एक बाजू पुसून चकचकीत केली. पण त्या मंडळींकडे एक मिस ॲबट नावाची बाई होती, जिचं कामच मुळी कुठली वस्तू कुठे होती हे लक्षात ठेवणं. ती आत आली, नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "शेगडी धुतलीय कुणीतरी." राखेचं नवं घमेलं आलं. मग मी पुढची पायरी धुतली. त्या ओल्या पायरीवरून नाटकातला जावई घसरला आणि थेट रस्त्यात जाऊन बसला. एड्रियनला ते पडणं आवडलं, त्याने ते नाटकात ठेवायचं ठरवलं, पण पायरीवर पुन्हा चिखल टाकून. माझं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एक खिडकीची काच तेवढी मी थुंकी लावून पुसली होती, तर मिस ॲबटने त्या ठिकाणीही बोटाने काजळी फासली.

"अहो बाई, तुम्हाला घर नाही का?" मी कळवळून विचारलं.

"आहे की," ती म्हणाली. "लखलखीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शवपेटी आली. पुढच्या खोलीत मधोमध दोन स्टुलांवर ठेवली. आज बापाचं प्रेत आणि त्याच्याशेजारी बसून बोलणारी म्हातारी, हा नाटकातला सगळ्यात मोठा प्रसंग होता. म्हातारीचं काम करणाऱ्या मिस थॉर्नली शाल पांघरून तयार बसल्या होत्या. फक्त प्रेत आलं नव्हतं. प्रेताचं काम करणारा नट मँचेस्टरहून येणार होता आणि रेल्वेवाल्यांनी पहाटेपासून काम बंद केलं होतं.

"मला आत्ता प्रेत पाहिजे!" एड्रियन केस उपटत म्हणाला. "राखाडी चेहऱ्याचा माणूस. साठीच्या आसपासचा. चेहऱ्यावर काही म्हणता काही नसलं पाहिजे."

एकेक मान माझ्याकडे वळली. मी अजून पन्नाशीतच होतो, पण तो मुद्दा मांडायला जागाच नव्हती.

"न्या," डोरीन स्वयंपाकघरातून म्हणाली. "रविवारी तो तसाच असतो."

माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. जिथे प्रेत तिथे कॅमेरा! आता माझ्याशिवाय यांचं घोडं पुढे जात नाही! मी म्हणालो, "होतो प्रेत. आलोच," आणि मागच्या दाराने सटकलो.

मला तो खोका हवा होता. पण कोळशाच्या खोलीच्या दारासमोर त्यांनी दिव्यांच्या पेट्यांचा डोंगर रचला होता. मग उरलं ते मागच्या बोळातलं भोक, ज्यातून कोळसेवाला पोती ओततो. मी त्यात डोकं घातलं. डोकं गेलं. खांदे गेले. मग पोटाने नकार दिला. मी श्वास सोडला, पाय झाडले, आणि डोक्यावर थेट कोळशाच्या ढिगात पडलो. वरून उरलासुरला कोळसा माझ्यावर. पण खोका मिळाला. तोच रस्ता, तीच मारामारी, पुन्हा बाहेर. बोळातल्या नळाखाली मी घाईघाईने तोंड आणि हात धुतले. रंगभूषेच्या मुलीने माझ्या चेहऱ्यावर पांढरी पूड थापली, अंगावर पांढरा झगा घातला आणि म्हणाली, "छान मेलात हं."

मी खोका घेऊन पुढच्या खोलीत आलो. पेटीशेजारी उभा राहिलो.

"झोपा, मिस्टर टॅटर्सल," एड्रियन म्हणाला.

"नाही."

"काय नाही?"

"पडदे लागल्याशिवाय मी मरणार नाही."

एड्रियनने पुन्हा डोळे मिटले. "अहो, हे दरिद्री घर आहे!"

"दरिद्री असू दे नाहीतर महादरिद्री!" माझा आवाज चढला. तो इतका चढतो हे मलाही ठाऊक नव्हतं. "तुम्ही लंडनची माणसं. इथे पुढची खोली कशासाठी असते माहितीय? लग्न, पाद्री आणि प्रेत. रोज आम्ही स्वयंपाकघरात राहू, एका बादलीत आंघोळ करू, पण घरातलं माणूस पुढच्या खोलीत निजवलंय आणि खोली अशी? अख्खी गल्ली दर्शनाला येते. सगळ्यात गलिच्छ बाईसुद्धा त्या दिवशी खोली घासून काढते. नसेल येत तिला तर शेजारणी येऊन काढतात. तुम्हाला खरं घर पाहिजे ना? मग हे घ्या खरं!"

"बरोबर बोलतोय तो!" खिडकीबाहेरून मिसेस ग्रिमशॉ गरजल्या. (त्या दोन दिवस खिडकीबाहेरच होत्या.) "असल्या उकिरड्यात मी माणूस निजवूच देणार नाही! आणि ती पूड कुणी फासलीय त्याला? वेड्यासारखी! मला आत येऊ द्या, मी नीट करते त्याला!"

"त्यांना आत येऊ देऊ नका," एड्रियन घाईने म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मिस्टर टॅटर्सल, आपल्याकडे वेळ नाहीये. झोपा बघू."

"नाही झोपणार."

कोपऱ्यात दिवे धरून बसलेला बर्ट नावाचा आडदांड माणूस सावकाश उठला. तो दिवेवाल्यांच्या युनियनचा पुढारी होता.

"काय चाललंय?" त्याने विचारलं. "प्रेताने काम बंद केलंय?"

"हो," मी म्हणालो.

"मागणी काय?"

"पडदे. मेणबत्तीदाण्या. रुमाल. आणि स्वच्छ पायरी."

बर्टने विचार केला. "रास्त आहे," तो म्हणाला, आणि त्याने दिवा विझवला. पाठोपाठ दुसरा विझला, तिसरा विझला. अंधारात मिस थॉर्नलींचा शांत आवाज आला, "एड्रियन, बाळा, खरंच आहे ते. माझे वडील गेले तेव्हा आईने अंगणातली लोखंडी बादलीसुद्धा घासली होती. मला तो संवाद या घाणीत बोलताना कालपासून लाज वाटतेय."

मग एड्रियन एकदम ओरडला, "थांबा! बाहेर काजळी, आत शुभ्रता! दारिद्र्याच्या पोटात मरणाची शुभ्रता! अरे, हेच तर नाटक आहे! हे मला आधी का नाही सुचलं?"

"कारण तुला कुणी सांगितलं नव्हतं," बर्ट म्हणाला आणि त्याने दिवा लावला.

मग डोरीन आली. बाह्या सरसावून, बादली, ब्रश, दगड घेऊन. मिस ॲबटनेही फडकं उचललं. तासाभरात खोली अशी झाली की विचारू नका. ओलीचे डाग असलेल्या भिंतीवर तिने स्वच्छ चादरी टांगल्या, शेगडी घासली, पांढरे पडदे लावले. मेणबत्त्या पेटवल्या. पायरीवर दगड फिरवून ती बर्फासारखी केली. शेवटी मी पेटीत झोपलो आणि क्रोशाचा तो रुमाल डोरीनने स्वतःच्या हाताने माझ्या छातीवर पसरला. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "विल्फ, तू माणूस चांगला आहेस रे." ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रंगभूषेच्या मुलीला पूड पुन्हा लावावी लागली.

काम सुरू झालं. मी श्वास रोखून पडलो. मिस थॉर्नली माझ्या उशाशी बसून बोलत होत्या, कॅमेरा माझ्या पायांकडून सरकत सरकत डोक्याकडे येत होता. मध्येच एड्रियन कुजबुजला, "ए, कानाशी थांब. तिथेच थांब. अहाहा! कुणी हात लावू नका. हे कुणी ठरवून करू शकलं नसतं." मी मनात म्हटलं, आमचा कान पहिल्यापासून चांगलाच आहे. टॅटर्सल घराण्यात सगळ्यांचेच कान उठावदार.

नाटक लागलं त्या संध्याकाळी सगळी गल्ली मिसेस ग्रिमशॉंच्या घरी जमली, कारण रंगीत टीव्ही गल्लीत त्यांच्याकडेच होता. चहा, हॅमचे सँडविच, बसायला घरोघरच्या खुर्च्या. डोरीनने हॅट घातली होती. मला पुढे, टीव्हीच्या बाजूला मानाची खुर्ची मिळाली. डोरीनने माझा हात घट्ट धरला होता. पहिला भाग म्हणजे नुसतं स्वयंपाकघरातलं दुःख. जावई रस्त्यात पडला तेव्हा सगळे हसले. मग पुढचं दार दिसलं, आणि दारापुढे पायरी. पांढरीशुभ्र पायरी.

कुणीतरी "वा!" म्हणालं.

मग खोली. रंगीत टीव्हीवर ती पडद्यांची जाळी, त्या पितळेवरचा मेणबत्तीचा उजेड, ती शेगडी! सगळे मिसेस ग्रिमशॉंकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुढे वाकून बघितलं.

"डोरीन," त्या म्हणाल्या, "नाव ठेवायला जागा नाही. माझ्या आईची खोली अशी असायची."

डोरीनने माझा हात असा दाबला की बोटं कडकडली. मला जे वाटलं ते मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी मान ताठ केली, चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "आता मी येतो बघा."

आणि मी आलो. कॅमेरा क्रोशाच्या रुमालावरून सरकत वर आला. बायका म्हणाल्या, "काय सुंदर वीण!" माझे जोडलेले हात आले. हनुवटी आली. गाल आला, पांढराफटक. आणि मग तो थांबला.

अख्खा पडदाभर माझा कान.

मी म्हटलं ना, मी तोंड आणि हात धुतले होते. कानांचं मला सुचलंच नव्हतं. प्रत्येक वळीत, प्रत्येक घडीत कोळसा. कानामागे कोळसा. कानाखालून मानेवर उतरलेला काळा ओघळ, थेट पांढऱ्या झग्याच्या कॉलरपर्यंत. त्या शुभ्र खोलीत, त्या शुभ्र उशीवर, मेणबत्तीच्या उजेडात, तो कान कोळशाच्या खाणीच्या तोंडासारखा दिसत होता. कॅमेरा हलेचना. आणि वर मिस थॉर्नलींचा तो थरथरता आवाज, "आमच्याकडे काही नव्हतं हो. पण माझा माणूस मी स्वच्छ ठेवला. मरेपर्यंत स्वच्छ ठेवला..."

कुणाचातरी कप बशीवर वाजला. डोरीनने माझा हात सोडला.

"कोळसा आहे तो," मी म्हणालो. "तुझे पडदे आणायला भोकातून... कलेसाठी... दिग्दर्शकच म्हणाला हात लावू नका..."

कुणी ऐकत नव्हतं. मिसेस ग्रिमशॉ उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. नळाचा आवाज आला. त्या परत आल्या त्या गरम पाण्याचं घमेलं, साबणाची वडी आणि खरबरीत फडकं घेऊन, ज्या फडक्याने त्यांनी आजवर गल्लीतली सगळी माणसं मार्गाला लावली होती ते. माझ्या खुर्चीमागे येऊन त्यांनी एका हाताने माझी मान धरली.

"मी खिडकीतून ओरडून सांगत होते," त्या गल्लीला उद्देशून म्हणाल्या. "माझ्याकडे द्या म्हणून सांगत होते. आता सगळ्या देशाला वाटणार, क्लेमेंट स्ट्रीटवरचं माणूस मी असं निजवते!"

आणि त्यांनी फडकं पिळून माझ्या कानात घातलं. पडद्यावर माझा कान, खुर्चीत माझा कान, आणि सगळी गल्ली एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. साबण डोळ्यांत गेला.

"अहो मिसेस ग्रिमशॉ!" मी किंचाळलो. "मी जिवंत आहे!"

"तीच तर अडचण आहे," डोरीन हॅट सारखी करत म्हणाली. "मेलेला असता तर हलला नसता. मिसेस ग्रिमशॉ, आता दुसरा कान घ्या."